पदराचा हात

पिंपळगाव राजा
सोमवार, ९ डिसेंबर २०२४

चि. अर्पितास,
तुह्या बाईचे, थोरल्या जावेचे, आशीर्वाद.

इकडं सगळे खुशाल. कपाशीची दुसरी वेचनी चालू हाय. मजूर मिळत नाही म्हून मी आन् हे दोघंच जातो. तुही छकुली माह्याजवळच झोपते. काल 'आई कवा येते' म्हून अर्धा तास रडली, मंग भाकरीवर गूळ देल्ला तं उगी राह्यली. मामाजीचा खोकला कमी हाय. बुलढाण्याचं तुहं ट्रेनिंग कसं चालू हाय? जेवन बरं देतात का? स्वेटर नेलं का? तिथं थंडी लय असते.

तू म्हनशीन, बाईनं फोन सोडून कागद काऊन काढला? फोनवर तू 'बाई, कशा हा' म्हनली की मी गोड बोलून जाते. मेळावा झाला तवापासून गोडच बोलून राह्यली. म्हून हे पत्र.

त्या मेळाव्यात तू बचत गटाहिच्या प्रभाग संघाची अध्यक्ष झाली, चांगलं झालं. साऱ्या गावानं पेढे खाल्ले, मीही खाल्ला. पन अर्पिता, नऊ वर्षं आपल्या बचत गटाची अध्यक्ष मी होती. बायाहिले बँकेत घेऊन जायची मी, साहेबासंगं भांडायची मी. तू या घरात आली तवा तुले चारचौघात पानी मांगता येत नव्हतं! आता वीस गावच्या बाया 'अर्पिताताई, अर्पिताताई' करतात आन् मले विचारतात, "तुमी तिच्या जाऊ का व?" म्हनजे आता माही वळख तू. जळनार नाही तं काय करीन?

खामगावच्या मॅडम भाषन शिकवायले आल्या होत्या, तो दिवस आठोते? म्हने चपला काढा, टाचा जमिनीले टेकल्या का ते पाहा, पोटावर हात ठेवा, श्वास कुठवर जाते ते पाहा. मी आपल्या गटाच्या वच्छलाबाईले कोपर मारलं, "बोलायचं तोंडानं, आन् ह्या पाय काऊन पाहून राह्यल्या व?" साऱ्या हसल्या. तू नाही हसली. तू डोळे मिटून, टाचा टेकवून उभी राह्यली. मॅडम म्हनल्या, भेव पयले अंगात शिरते, मंग तोंडात येते, म्हून आपलं अंग कवा काय करते ते धरा. मले तं वाटलं, हे सारं पोट भरलेल्याचे चोचले हायेत.

घरी आल्यावर तू म्हटलं, "बाई, मी सराव करते, तुमी फक्त माहं अंग पाहा. काय चुकते ते सांगा." गच्चीवर मिरच्या वाळत होत्या. तू माईक म्हून लाटनं धरायची आन् मी मिरच्या हालवता हालवता पाहायची. मी सांगितलं, एकाच पायावर भार देते. खांदे कानाले लावते. श्वास वरच्या वरच घेते. तू एकएक सुधारत गेली. मंग एक दिवस तुहा आवाज पोटातून निंघाला आन् खालच्या गल्लीतले लोक थांबून वर पाहायले लागले. माह्या भाषनाले नऊ वर्षांत कोनी असं थांबलं नव्हतं. त्या दिवशी मी जेवली नाही. तू विचारलं तं म्हटलं, पित्त झालं.

मेळाव्यात तू बोलून राह्यली होती. सभागृह चूप. तेवढ्यात हे दारातून आले आन् पयल्या रांगेत बसले. तुहे भासरे, थोरले दीर! तुहा उजवा हात पदराले गेला आन् त्याच हातात माईक होता. माईक डोक्यावर, मान खाली. ओठ हालून राह्यले आन् आयकू काहीच नाही. लोक खो खो हसले.

संध्याकाळी तू मले विचारलं, "बाई, दादा कसे काय आले? ते तं कपाशीत जानार होते." मी म्हटलं, "आले असतीन बाप्पा, तुहं कौतुक पाहायले."

नाही व. मी धाडलं त्याहिले.

गच्चीवर तुहा सराव चालू असतांना हे दोन खेपा जिन्यानं वर आले होते. दोन्ही खेपा लाटनं तुह्या डोक्यावर गेलं. तुले कळलंही नाही. मी पाह्यलं. पाहायलेच तं तू मले बसवलं होतं! ते मी गिळून बसली. आन् मेळाव्याच्या सकाळी याहिले म्हटलं, "धाकलीचं भाषन हाय, पयल्या रांगेत बसा, बरं दिसते." त्या भोळ्या मानसाले काय मालूम.

लोक हसले तवा मले बरं वाटलं. खोटं काऊन लिहू? काळजात थंड पडलं.

आन् मंग तू काय केलं, बाप्पा! घाई केली नाही. टाचा टेकवल्या, माह्या जागेवरून दिसलं मले. श्वास घेतला. माईक डाव्या हातात घेतला, उजव्यानं पदर नीट केला आन् म्हटलं, "भासऱ्याहिले पाहून हात वर गेला, आन् हातासंगं आवाजही गेला. खरं सांगा, तुमचा कोनाकोनाचा जाते?" साऱ्या सभागृहानं हात वर केले. माहा तं आधीच डोक्यावर होता, याहिच्या मांगं मामाजी आले होते ना, सासऱ्यापुढं पदर सुटते का? तिथंच तू अध्यक्ष झाली. मतं नावाले पडली.

वरतून तू काय म्हटलं? "माह्या बाईनं माह्या अंगातली एकएक खोड काढली, एक बाकी ठेवली नाही." टाळ्या पडल्या आन् बाया माह्याकडं वळून हसल्या. मले वाटलं, धरनी फाटावी.

रविवारी तुहा सत्कार हाय. वच्छलाबाई म्हनते, संजीवनी, चार शब्द तू बोल. मी सैपाकघरात उभी राहून बोलून पाह्यलं. टाचा टेकवल्या, श्वास घेतला, तुहं सारं केलं. 'माही धाकली जाऊ' एवढं म्हनते आन् माहेच खांदे कानाले लागतात. माह्या अंगात काय शिरून बसलं हाय ते मले पक्कं मालूम हाय.

म्हून ठरवलं. रविवारी माईक घेईन आन् पयले हेच सांगीन, की त्याहिले मी धाडलं होतं, आन् काऊन धाडलं. तुले चालत नसन तं आधी कळवजो, ताप आला म्हून मी घरीच राहीन. माफी मांगून राह्यली हाव, पन जळन गेली असं समजू नको. एवढी चांगली मी नाही. खरं सांगू? हे बोलीन तवा तरी साऱ्या बाया तुह्याकडं नाही, माह्याकडं पाहतीन.

तुहीच जाऊ, तुह्यावर जळनारी,
संजीवनी