थोरला, मधला, धाकटा आणि एक ठिगळ

३ मार्च, सोमवार. सकाळ.
साहेबांनी बोलावलं. आमचे सगळे प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिलेत, त्या भाषेतच भोक सापडलंय म्हणे. त्यातून चोर सरळ आत शिरून गिऱ्हाइकांची माहिती पळवू शकतात. भाषेची दुरुस्त आवृत्ती आलीय, ती तिन्ही सर्व्हरवर चढवायची. म्हणजे पॅच मारायचा. साध्या शब्दांत ठिगळ. सतरा तारखेला ऑडिटर तपासायला येणार. जाता जाता साहेब म्हणाले, नीट पार पडलं तर कोपऱ्यातली रिकामी केबिन आणि विभागप्रमुखपद तुमचं.
मी म्हटलं, दोन तासांचं काम.
संकल्प : आजच हात घालायचा.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
हात घातला नाही. सोमवारी डोकं जागेवर नसतं. मात्र केबिनच्या खिडकीचं माप घेतलं. साडेचार फूट बाय सव्वातीन. पडदा लागेल.

४ मार्च.
पूर्वतयारी. जुन्या स्टोअररूममध्ये जाऊन तिघांना भेटून आलो. थोरला ऑर्डरी बघतो, मधला हिशेब, धाकटा पगार. नावं मीच ठेवलीत. येत्या वीस तारखेला तिघांना अखंड चालू राहून तीन वर्षं होतील. एकदाही बंद नाहीत. माणसं आजारी पडतात, रजा टाकतात, लग्नाला जातात. माझे तिघे नाही. साहेब हे विसरतात, म्हणून मी दर मीटिंगमध्ये आठवण करून देतो.
रात्री बायकोने विचारलं, भाषेला भोक पडतंच कसं. जेवण होईपर्यंत समजावलं. ती म्हणाली, अहो, बंद करून पुन्हा चालू करून बघा ना. हिचा हा एकच उपाय. टीव्हीला तोच, मिक्सरला तोच, एकदा तर माझ्या आईच्या कानातल्या यंत्राला. ते चालू झालं, ही गोष्ट वेगळी.

६ मार्च.
पाठ धरली. ठिगळ उद्या.

७ मार्च.
शुक्रवार. शुक्रवारी सर्व्हरला हात लावू नये, हे आमच्या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं.
बायकोने पडद्याचं कापड आणलं. निळं. बहिणीला फोन करून केबिनचं सांगून टाकलं. भावजींना विशेष आनंद झालेला दिसला नाही.

१० मार्च.
फत्ते! तिघांवरही नवी आवृत्ती चढवली. आवृत्ती विचारली, तिघांनीही नवा आकडा दाखवला. दोन तास म्हटलं होतं, दीड तासात उरकलं. (मधला आठवडा विचारमंथनात गेला, तो धरत नाही.)
शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी रसभंग केला. यांना मी मनात टकटक म्हणतो, की-बोर्ड फार जोरात बडवतात. विचारलं, रीस्टार्ट केलंत का. नवी भाषा नुसती डिस्कवर येऊन बसलीय, चालू प्रोग्रॅमच्या डोक्यात अजून जुनीच आहे, असं त्यांचं म्हणणं. बंद करून चालू केल्याशिवाय भोक बुजत नाही म्हणे.
वीस तारीख दहा दिवसांवर आलेली आणि ही सूचना! बाईंना केबिन हवी आहे, दुसरं काही नाही. एकवीस तारखेला बघू म्हटलं.
घरी बायकोला सांगितलं, की बघ कसे लोक असतात. ती म्हणाली, नवा शर्ट आणून कपाटात ठेवला म्हणजे अंगातला बदलतो का. बायकांची एकजूट असते.

१२ मार्च. सकाळी.
घात झाला. धाकटा बंद पडला.
सफाईच्या मावशींनी व्हॅक्युम लावायला धाकट्याचा प्लग काढला. शेजारच्या सॉकेटमध्ये माझी चहाची किटली होती, ती म्हणे त्यांनी मुद्दाम काढली नाही, साहेब (म्हणजे मी) रागावतात म्हणून. वर म्हणाल्या, लगेच परत लावला हो, झाडून होईस्तोवरच काढलेला.
तीन वर्षांची तपश्चर्या व्हॅक्युममध्ये गेली. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. ऑफिसात कुणाची एक तक्रार आली नाही, हे तर फारच लागलं.

दुपारी.
ईमेल लिहिलं. साहेबांना, टकटकना आणि सगळ्या ऑफिसला. धाकटा बंद होण्याशी माझा काडीचाही संबंध नाही, ते माझ्या इच्छेविरुद्ध घडलं, त्याची संपूर्ण जबाबदारी मावशींची आहे. 'इच्छेविरुद्ध' ठळक केलं, खाली रेघ मारली. झकास उतरलंय.

१४ मार्च.
पडदा शिवून आला. छान दिसतो.

१७ मार्च, सोमवार.
ऑडिटर आले. किडकिडीत गृहस्थ, चहाही घेतला नाही. मी नवा आकडा दाखवला. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. चालू प्रोग्रॅमलाच विचारलं, तू कुठली भाषा बोलतोस. थोरला म्हणाला, जुनी. मधला म्हणाला, जुनी. ऑडिटर जुन्या भोकातून आत शिरले आणि माझा पहिला चहा संपायच्या आत साहेबांच्या पत्त्यासकट गिऱ्हाइकांची यादी टेबलावर ठेवली.
धाकट्यात मात्र त्यांना शिरता आलं नाही. म्हणाले, हे काम चोख आहे, वेळेत रीस्टार्ट कुणी केला.
साहेबांनी माझ्याकडे आशेने पाहिलं. मी घसा साफ केला. म्हटलं, तसं पाहिलं तर ती खोली माझ्याच देखरेखीखाली येते.
तेव्हा साहेबांना माझं ईमेल आठवलं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं. रेघ मारलेल्या शब्दावर थोडे थांबले.

१८ मार्च.
भावजींचा फोन आला, उचलला नाही.

१९ मार्च.
थोरला आणि मधला रीस्टार्ट केले. म्हणजे टकटकनी केले, मी दाराशी उभा होतो. उद्या तीन वर्षं झाली असती. दोघे दोन मिनिटांत परत उठले. काही झालंच नाही, असे. इतकी वर्षं मी नक्की काय जपत होतो कोण जाणे.
दुपारी मीटिंग. मावशींचं सगळ्यांसमोर कौतुक झालं, टाळ्या. मीही वाजवल्या. नंतर त्या माझ्या टेबलापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, साहेब, पुढच्या वेळी कुठला प्लग काढायचा ते आधीच सांगून ठेवा. चेष्टा नव्हती, मनापासून विचारत होत्या.
केबिन टकटकना मिळाली. संध्याकाळी त्या येऊन उभ्या राहिल्या. खिडकीतून ऊन फार येतं, पडदा लावायचाय, माप कुणाकडे असेल का.
साडेचार बाय सव्वातीन. तोंडपाठ होतं, सांगितलं.
घरी सगळं सांगितलं. बायकोने निळा पडदा पिशवीत घालून दाराशी ठेवला आणि म्हणाली, उद्या जाताना आठवणीने न्या.