दाजींनी पाडलेला पाला

ताई,

शिवणाच्या दुकानातून आलीस की दार बघून किंचाळू नकोस. दाजी येऊन गेले. बेल सोडून त्यांनी कोयत्याने दार वाजवलं. कडी निघेना, म्हणून तुझ्या खिडकीत शिरायला शेवग्यावर चढले. मी खिडकीतून दोनदा बजावलं, "दाजी, शेवग्याची फांदी ठिसूळ असते." ते म्हणाले, "तिला नेतो, नाहीतर कापतो," आणि नमुना म्हणून माझ्या दंडावर वार केला. तेवढ्यात फांदी मोडली. त्यांचा गुडघा आता दोन्हीकडे वळतो.

पोलिसांनी त्यांना दवाखान्यात नेलंय. मी टाके घालून घेऊन, जबाब देऊन येतो. फरशी पुसू नकोस, फोटो काढायचेत. रक्त बरंचसं माझंच आहे.

फांदीचा पाला तीनदा धुतलाय, एका हाताने, त्यामुळे देठ राहिले असतील. परतून घे आणि वर लिंबू पिळ, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागेल. कॅल्शियम, प्रथिनंही आहेत म्हणे. पण डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नकोस, पाला म्हणजे काही देव नाही. उरलेला सावलीत वाळव.

दाजी निरोप धाडतील, रडतील. मागच्या वेळी त्याच रडण्यावर तू परत गेलीस आणि फुटलेलं डोकं, सातवर आलेलं हिमोग्लोबिन घेऊन आलीस. या वेळी जाऊ नकोस. तुझं जे रक्त त्यांनी सांडलं, ते भरायला पाला तेच पाडून गेलेत. जन्मात एवढं एकच काम त्यांनी नीट केलंय, ते वाया घालवू नकोस.

तुझा दीड हाताचा धाकटा