बाबांचा खांदा

१२ नोव्हेंबर २०१४
बाबांचा उजवा खांदा धरला! त्यांच्या शेजारच्या सुजाताताईंचा फोन — "नरेश, सदऱ्यात हातही जात नाही त्यांचा. एकटे कसे राहतील?" डॉक्टर म्हणे, शेक द्या, हलक्या हातानं मालीश करा.
मी तेलीबांध्यात, ते बूढ़ापाऱ्यात. वीस मिनिटांचा रस्ता — सात वर्षं गेलो नाही. पद्मिनीशी लग्न केलं तेव्हा म्हणाले होते, "माह्या दारात पाय ठेवू नको." नाही ठेवला.

१४ नोव्हेंबर
बीरगावचा नत्थू मालीशवाला लावून दिला. माझं नाव सांगू नको, सुजाताताईंनी पाठवलं म्हण, म्हटलं. "हव भैया."

१९ नोव्हेंबर
नत्थू म्हणतो, "दादाजी बदन ढीला ही नहीं छोड़ते." हात लावला की दगड! रेल्वेत गार्ड होते, जन्मभर ताठ. आई गेल्यापासून त्यांच्या अंगाले कोणाचा हात लागला असेल? दुपारभर फाइल समोर, डोक्यात हेच.

२३ नोव्हेंबर
पद्मिनी म्हणाली, "तुम्हीच शिकून घ्या ना." येडी झाली का, म्हटलं — अन् संध्याकाळी नत्थूले घरी बोलावलं. आधी माझ्याच पाठीवर दाखवलं त्यानं. मानेखाली अंगठा दाबला, मी ओरडलोच! नत्थू हसला. "आप भी दादाजी जैसे ही हो."
रात्री छान झोप लागली. किती दिवसांनी!

३० नोव्हेंबर
गेलो!
बाबा पालथे पडलेले, डोळे मिटून. नत्थूनं खूण केली. कोमट तिळाचं तेल हातावर घेतलं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. किती वाळले! मानेपासून खाली, नत्थूनं शिकवलं तसं, हळूहळू. जरा वेळानं बाबा — "नत्थू, काहून हात कापून राहिले तुझे?"
नत्थूच बोलला, "ठंड है, दादाजी."
अर्ध्या तासानं खांदा सैल पडला. हाताले कळलं — आत काहीतरी सुटलं. बाबा घोरू लागले! तसाच निघालो. बूढ़ा तलावापाशी स्कूटर लावली अन् रडलो.

१ डिसेंबर
नत्थूचा फोन. बाबांनी आज त्याले दारातूनच परत पाठवलं — "तू नको. माह्या पोट्ट्याले पाठव. अन् सांग त्याले, चोरासारखा नको येऊ. सुनेले घेऊन ये."