एक इंच सोडून

३ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
ताईचे अ.उ.आ. आशीर्वाद आधीच उरकून घेते, कारण पुढे सगळा राग आहे.

हे फोनवर बोलता येत नाही. फोन आईच्या उशाशी असतो, आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं असलं तरी कान शाबूत आहेत. म्हणून लिहिते. आई पाणी पीत नाही. सकाळच्या गोळीबरोबर अर्धा पेला, रात्रीच्या गोळीबरोबर अर्धा, बस. मी भरून ठेवलेला पेला संध्याकाळी ऑफिसातून येते तेव्हा तसाच. आधी वाटलं, औषधांनी तोंडाची चव गेली असेल. मग उलगडा झाला. प्यायलं की जावं लागतं, आणि गेलं की मला नाही तर शेजारच्या वहिनींना हाक मारावी लागते. कमोड इतका बुटका आहे की त्यावर बसलेली आई आपली आपण उठूच शकत नाही. मी काखेत हात घालून तिला उचलते तेव्हा ती डोळे घट्ट मिटून घेते. चाळीस वर्षं शिवणकाम करून ज्या बाईनं आपल्याला वाढवलं, ती आता उचलायला लागू नये म्हणून तहानलेली राहते. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलंय, असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील.

दुकानातली लोखंडी खुर्ची आणून पाहिली. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला नळाचा पाइप, मधे ती शिरत नाही. परत केली. कोपऱ्यावरचे मिस्त्री म्हणाले की कमोडवर उभी राहील अशी लाकडी चौकट करून देतो, चार पाय, दोन हात, हातांवर जोर दिला की माणूस उठतं. पण लाकडासकट त्यांनी सांगितलेला आकडा मला झेपणारा नाही. नुसती मजुरी झेपेल. लाकूड तुमचं आणा आणि नकाशा द्या, म्हणाले. नकाशे काढून पोट भरणारा एक प्राणी आपल्या घरात आहे, तेव्हा त्यानं निदान एवढं करावं.

मापं आईच्या टेपनं घेतली आहेत. कमोड बसायला पायांमधे आतून सोळा इंच हवेत, त्याहून एक रेघ कमी चालणार नाही. भिंत ते पाइप वीस. लवकर कर. आणि लाकडाचं काय ते सुचव.

तुझी,
ताई


९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा.न.वि.वि. घरच्या फौजदारांचं समन्स मिळालं.

नकाशा सोबत आहे. चार रात्री जागून काढलाय, तेव्हा मिस्त्रींच्या हाती देताना त्यावर चहाचा डाग पाडू नकोस. आईचा टेप मला चांगला ठाऊक आहे, मापांची काळजी सोड. मिस्त्रींना म्हणावं, डोकं चालवू नका, कागदावर आहे तसंच्या तसं करा. या लोकांना आपली अक्कल पाजळायची फार हौस असते.

आता लाकूड. अगं, घरात सागवान पडलंय आणि तू विचारतेस काय करू. आईचं कापड बेतायचं टेबल. आता ती त्याच्यापाशी उभी राहणार आहे का? खुबा मोडल्यापासून त्यावर औषधं आणि जुनी वर्तमानपत्रं ठेवलेली असतात, हे मी मागल्या खेपेला पाहिलं. ते सोडव, चौकट त्यातच होईल. आईला मात्र आधी विचारू नकोस. ती नाही म्हणेल, मग तू रडशील, मग मला फोन येईल. टेबल दुरुस्तीला दिलंय म्हणून सांग. चौकट मिळाली की तिचा राग आपोआप निवळेल.

मला इथून निघता येत नाही. साहेब रजेचं नाव काढू देत नाहीत. तू करतेस म्हणून मी स्वस्थ आहे, हे तुला सांगायचं राहून जातं. लोभ आहे तेवढाच पुरेल, आता राग वाढवू नकोस.

तुझा,
धाकटा


२६ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

चौकट आली. बसली नाही. मिस्त्री ठेवून गेले, मी ती आत नेली, आणि पाय कमोडला अडून वरच राहिले. उचलून पाहिली, तिरकी करून पाहिली, घाम फुटेपर्यंत ढकलली. मग टेप आणून मोजलं. पायांमधे आतून नेमके पंधरा. एक इंच खाल्ला मेल्यानं. टेबल तोडताना मला पाहवलं नाही म्हणून मी तिथे उभी राहिले नाही, तर या माणसानं माझ्या पाठीमागे सागवानावर हात मारला. तशीच दुकानात गेले आणि भर रस्त्यात त्यांना चोर म्हटलं. दोन गिऱ्हाइकं बसली होती, तीही ऐकत होती. ते काहीतरी सांगू पाहत होते, मी ऐकून घेतलं नाही.

आता पुढचं ऐक. आईला वाटलं होतं की चौकट येतेय, म्हणजे आता सुटका. ती बसली नाही हे तिनं दारातून पाहिलं. त्या दिवशी तिनं गोळीबरोबरचं पाणीसुद्धा घेतलं नाही, गोळी कोरडीच गिळली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती असंबद्ध बोलायला लागली, मला कोणत्या तरी गिऱ्हाइकाच्या नावानं हाक मारून बाही उसवायला सांगत होती. वहिनींच्या मुलीनं रिक्षा आणली. दोन दिवस सलाईन लावलं. काल घरी आणलंय.

टेबल गेलं, चौकट हुकली, आणि तू तिकडे उंटावरून शेळ्या हाकतोस. मिस्त्रीला तू लिही. तुझ्या साहेबी भाषेत लिही. माझं आता कोणाशी भांडायचं त्राण राहिलेलं नाही.

ताई


७ डिसेंबर

साहेबांस,
कोपऱ्यावरच्या मिस्त्रीचा स.न.वि.वि.

आपलं पत्र मिळालं. मुलीकडून वाचून घेतलं, कारण माझा चष्मा तुटलाय. तिनं दोन ठिकाणी वाचायचं थांबवलं, मी म्हटलं वाच.

आपण लिहिता की मी लाकूड चोरलं, म्हाताऱ्या बाईच्या जिवाशी खेळलो आणि पोलिसात जाऊ. खुशाल जा. जाताना सोबतचा कागद घेऊन जा. हा आपलाच नकाशा. खाली आपली सही आहे. पायांमधलं अंतर आपल्या हातानं लिहिलंय, पंधरा इंच, आणि त्याखाली दोन रेघा मारल्यात. मला पंधरा कमी वाटले होते. मी आपल्या बहिणीला म्हणालो की एकदा येऊन कमोड बघतो. त्या म्हणाल्या, भाऊ डोकं चालवू नका म्हणतो. नाही चालवलं. चूक माझी एवढीच, की मी ऐकलं.

इंच इंच खाऊन सुताराचं पोट भरत नाही, साहेब. टेबलाच्या दोन फळ्या उरल्या आहेत, त्या दुकानात मागे उभ्या करून ठेवल्यात, मोजून न्या. आईसाहेबांकडून माझ्या बायकोनं लग्नात कपडे शिवून घेतले होते म्हणून मी मजुरी निम्मी लावली होती. हे मी सांगणार नव्हतो, पण आपण चोर म्हणालात. यापुढे आपल्या घरचं काम मी करणार नाही.

कळावे. लोभाचं आपण बघा.

मिस्त्री


१३ डिसेंबर

ती. ताईस,
सा.न.वि.वि.

मिस्त्रींनी नकाशा परत धाडला. मी तुझं पहिलं पत्र काढून शेजारी ठेवलं. तू सोळा लिहिलंस. मी पंधरा काढले.

आईच्या टेपचं पितळी टोक आपण शाळेत असताना तुटलं, आणि तिनं कात्रीनं पहिला इंच सरळ कापून टाकला, आठवतं ना. तेव्हापासून तो टेप एकपासून सुरू होतो आणि आपल्या घरात सगळे जे दिसेल त्यातून एक सोडून सांगतात. तुला टेपवर सतरा दिसले, तू एक सोडून सोळा लिहिलंस. मला वाटलं तुला सोळाच दिसले आणि तू जसेच्या तसे उतरवलेस. म्हणून मी पुन्हा एक सोडला. प्रत्येक मापातून.

एका ओळीचं पत्र टाकून विचारता आलं असतं. विचारलं नाही, कारण खरं सांगायचं तर तू वजाबाकी केली असशील असं मला वाटलंच नाही. तू पण लिहायला हवं होतंस की एक सोडलाय म्हणून. सगळी शेण खाल्ल्याची पावती माझ्या एकट्याच्या नावानं फाडू नकोस. मिस्त्रींना माफीचं पत्र लिहायला घेतोय आणि फाडतोय. काय लिहू ते सुचत नाही.

धाकटा


१८ डिसेंबर

धाकट्यास,

आज अ.उ.आ. लिहवत नाही.

पंचेचाळीस वर्षांची झाले. घर चालवते, नोकरी करते, आईला चार महिने उचलते आहे, आणि माझ्या धाकट्या भावाला वाटतं की मला सतरातून एक जात नाही. हे तू आयुष्यभर केलंस. मी सांगायचं आणि तू मनातल्या मनात दुरुस्त करून घ्यायचंस. या वेळी तुझी दुरुस्ती आईच्या शिरेत सुई होऊन गेली.

मी मिस्त्रींच्या दुकानात जाऊन त्या दिवशीच्या दोन गिऱ्हाइकांएवढ्याच लोकांसमोर माफी मागून आले. ते रंधा मारत होते, त्यांनी मान वर केली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण, त्यानं का बघावं आपल्याकडे.

आईनं परवा माझ्याकडून कागद आणि पेन मागून घेतलं. काय लिहितेय ते दाखवत नाही. उशीखाली ठेवते.

ताई


२ जानेवारी

चि. धाकट्यास,
आईचे आशीर्वाद. ते रागातसुद्धा द्यावे लागतात.

टेबल दुरुस्तीला दिलंय हे मी एक दिवसही खरं मानलं नाही. त्या टेबलाला दुरुस्तीची गरज कधी पडलीच नव्हती. चौकट आली तेव्हा तिच्या उजव्या हातावर मला माझ्याच टोचणीचाकाच्या ओळी दिसल्या. कागदावरचं बेतणं कापडावर उतरवताना चाळीस वर्षं मी जे चाक फिरवलं, त्याचे टोचे. तुम्ही मागितलं असतं तर मी दिलं असतं रे. स्वतः म्हटलं असतं, तोडा. न विचारता नेलंत, याचा राग मी ठेवणार आहे. निवळेल म्हणून वाट पाहू नकोस.

तुझी पत्रं मी वाचली. ताई ऑफिसला गेली की कपाट माझंच असतं. दोघं मापावरून भांडताय. सोळा की पंधरा. तुम्ही कमोडचं माप घेतलंत, भिंतीचं घेतलंत, पाइपाचं घेतलंत. त्यावर बसायचं कोणी, तिचं माप दोघांपैकी एकानंही घेतलं नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईची पोरं तुम्ही. मी कधी कोणाचा कपडा कपाटाच्या मापानं शिवला का?

मिस्त्रींना मी वहिनींच्या मुलीकडून चिठ्ठी पाठवली. लिहिलं की माझ्या पोरांनी तुम्हाला चोर म्हटलं, माफी मी मागते, यायचं नसेल तर येऊ नका. ते संध्याकाळी आले. त्यांनी टेप आणलाच नाही. एक काठी घेतली, कमोडला लावली, पेन्सिलीनं खूण केली. मग मला खुर्चीवर बसवून त्याच काठीवर माझ्या कोपराची खूण केली, उजवीकडची वेगळी आणि डावीकडची वेगळी. मशीनवर वाकून वाकून माझा डावा खांदा उतरलाय, तो हात बोटभर खाली हवा. हे त्यांना मी सांगितलं. तुम्हालाही सांगितलं असतं, पण तुम्ही माझ्याविषयी एकमेकांशी बोलत होता. उरलेल्या दोन फळ्यांमधून त्यांनी पायांमधल्या आडव्या पट्ट्या नवीन, इंचभर लांब घातल्या आणि हात खाली-वर केले. पैसे घेतले नाहीत. मी दिले, मजुरी म्हणून नाही, त्यांच्या तुटलेल्या चष्म्यासाठी म्हणून.

ताईवर ओरडू नकोस, तिच्यावर ओरडायला मी आहे. ती मला उचलते तेव्हा तोंडानं काही बोलत नाही, पण तिचा श्वास लागतो. तो ऐकायला नको म्हणून मी पाणी सोडलं होतं. मूर्खपणा केला, पण माझा होता. तुमचा मूर्खपणा तुमच्यापाशी ठेवा.

काल सकाळी चौकट बसली. मी सावकाश दोन पेले पाणी प्यायले, थांबले, वॉकर धरून गेले. आत गेल्यावर दाराला आतून कडी लावली. ताई बाहेरून दार ठोठावत होती, पडशील, उघड, म्हणत होती. मी ओ दिली नाही. मला हवा तेवढा वेळ बसले, दोन हातांवर जोर देऊन उठले, नळाखाली हात धुतले, आणि मगच कडी काढली.

लोभ आहे, आणि रागही आहे. तुझी सवड असेल तेव्हा ये.

आई