मागच्या झाकणाची कडी

बाबा,

समुद्र एकटीने वल्हवून पार करायच्या शर्यतीत मी नाव दिलं, तेव्हापासून तुमचा अबोला. "इंजिन नाही, ती कसली होडी!" एवढं बोललात, ते शेवटचं.

आज तपासनीसांनी होडीची सगळी झाकणं उघडून पाहिली. रबरांना ताजं ग्रीस होतं. "छान काळजी घेतलीत," म्हणाले. मी वाकून वास घेतला. ग्रीस मी लावलंच नव्हतं, आणि आपल्या गॅरेजचा वास मला कळतो.

उद्या दुपारी निघायचंय. सगळं घट्ट आवळलंय, फक्त मागच्या झाकणाची कडी मुद्दाम सैल ठेवली आहे. हे पत्र मी देणार नाही. कडी मात्र तुमच्या नजरेतून सुटायची नाही. सकाळी गुपचूप पक्कड घेऊन याल, तेव्हा मी होडीतच बसलेली असेन.

तुमच्याच वळणावर गेलेली,
धाकटी