चंद्रीला सांगितलेलं

३ फेब्रु., वरकुटे
पीएच.डी.साठी आईची मुलाखत उरकली. विषय : रिलेशनल डायलेक्टिक्स. म्हणजे घरातल्या माणसांची ओढाताण, सांगावं की झाकावं, जवळ यावं की लांब राहावं.
आई-आबांचा अबोला नऊ वर्षांचा. बोलायचं ते म्हशीला. "चंद्रे, त्यास्नी सांग, पाणी तापलंय." आबाही तिलाच, "आलो म्हनावं."
आज कारण कळलं. आईकडची आजी गेली त्या दिवशी ऊसतोडीची टोळी आलेली. आबा म्हणाले, गाडी भरू दे, मग जा माहेरी. आई पोचली तवर सगळं उरकलेलं. आजीचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.
"तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे हे," म्हणाली. आणि मी? रेकॉर्डिंग नीट चाललंय ना, ते बघत होते. शी.

५ फेब्रु., बारामती
गाइड सरांना ऐकवलं. चक्क टाळी वाजवली! "सोनं आहे हे. नाव बदल, झालं." नाव बदलून काय डोंबल होतंय? म्हशीतर्फे नवऱ्याशी बोलणारी बाई वरकुट्यात एकच. तरी मान डोलावली.

१२ फेब्रु.
कॉलेजात सेमिनार. आईचा आवाज काढून दाखवला. कुणी सांगितलं होतं? हशा. एक मॅडम तर डोळे पुसत होत्या हसून. मीही हसले. वर दोन समोसे हाणले. किळस येते माझी मला.

१६ फेब्रु.
कॉलेजनं सेमिनार यूट्यूबवर टाकला. वहिनीचा फोन. "ताई, आईंनी बघितला. आबांनी पण."
"मग?"
"काय न्हाय. धार काढाय गेल्या."
सरांना म्हटलं, काढा तो. "संमतीपत्रावर सही आहे की त्यांची!" आहे. आईला कागद वाचून दाखवणारी मीच. निम्माच वाचला होता.

१७ फेब्रु., वरकुटे
सकाळच्या एसटीनं आले. आई गोठ्यात, पेंड कालवत.
"आई, चुकलं माझं."
वर बघितलं नाही. आबा दारात येऊन उभे. नऊ वर्षांत पहिल्यांदा थेट तिला म्हणाले, "जाऊ दे की. पोर हाय आपली."
आईचा हात थांबला. मग परत पेंडीत.
"चंद्रे, लेकीला सांग, जेवून जा म्हनावं."
जेवले. वांग्याचं कालवण नेहमीसारखंच झालेलं, दोनदा वाढून घेतलं. याचीच जास्त शिसारी.
निघताना गोठ्याशी थांबले. 'येते गं' म्हणायचं होतं. कुणाकडं तोंड करून म्हणायचं, कळेना.