पारास्किवाचा पिवळा उजेड

किशिनाव, शुक्रवार

आदरणीय अगाफियाताई,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या, पारास्किवाच्या, नवऱ्याचा, म्हणजे इलारिऑनचा, नमस्कार. तुमचे गुडघे, तुमच्या कोंबड्या आणि तुमचा राग (माझ्यावरचा) आता कसे आहेत? माझं ठीक आहे. फक्त आंघोळीत हातवारे करावे लागतात, त्यामुळे खांदा दुखतो.

त्याचं असं झालं. बाथरूममधला जुना पिवळा बल्ब सोमवारी उडाला. (बाथरूम आणि स्वयंपाकघर यांच्या भिंतीत ती वरची खिडकी आहे ना, तिच्यातून त्याचा उजेड थेट माझ्या ताटावर पडायचा. पारास्किवा आत न्हात असली की मी इकडे टेबलाशी बसायचो. ती गेल्यावरही तो दिवा मी दिवसभर जळता ठेवला. वीज वाया जाते हे मला कळतं, ताई.) दुकानातल्या पोरीने विचारलं, "आजोबा, प्रकाश थंड हवा की उबदार?" मी म्हटलं, "पाणी तापवायला बॉयलर आहे गं." तिने हसत हसत कमी विजेचा, वाफेला न भिणारा, माणूस हलला की आपोआप लागणारा पांढरा दिवा माझ्या गळ्यात मारला. वीज वाचते, खरंच! टबात जरा निवांत बसलो की तो विझतो, मग साबण लावलेला मी अंधारात बँडमास्तरासारखे हात हलवतो. आणि मी स्वयंपाकघरात असलो की आत हलणारं कुणीच नसतं. ती काळी खिडकी मला बघवत नाही.

पारास्किवाने साठवलेले पिवळे बल्ब कुठे गेले, ते तुम्हाला ठाऊकच आहे. ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, आपल्या रीतीप्रमाणे तिच्या नावाने लोकांना कप वाटताना, त्यांत ठेवायच्या मेणबत्त्या कमी पडल्या. मेणबत्ती देतात ती तिला तिकडे उजेड मिळावा म्हणूनच ना? मी उरलेल्या कपांत एकेक बल्ब ठेवला. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "अहो इलारिऑन, माझ्या बहिणीने तिकडे होल्डर कुठून आणायचा?" बायका हसल्या. मीही हसलो. मग बाथरूममध्ये जाऊन रडलो.

तुमचा,
इलारिऑन

ता. क. तुमच्या कपातला बल्ब परत मागणार होतो. पण दिलेलं परत घेतलं तर तिच्याकडे अंधार व्हायचा. राहू द्या.

ता. क. २. खरं म्हणजे, कमी विजेचा पिवळा बल्ब मी कालच आणून लावला. ताटावर उजेड पूर्वीसारखाच पडतो. नुसता उजेडच पडतो. तुम्ही चार दिवस राहायला या. आंघोळ नाही केलीत तरी चालेल, आत जाऊन नळ तेवढा सोडा, आणि खिडकीतून एकदा "इलारिऑन, टॉवेल!" म्हणून ओरडा. तुमचा आवाज अगदी तिच्यासारखा आहे.